घरपट्टी, मिळकतकर आणि त्यातल्या सवलती: घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रात स्वतःचं घर असलेल्यांना दरवर्षी बिल हातात पडलं की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर पुण्या-मुंबईवर आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथलाच. गावच्या घराचं प्रकरण मध्ये येतं. सवलतीच्या अंतिम तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या पालिकेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची तारीख एकदा बघून घ्या.

घरपट्टी, मिळकतकर आणि मालमत्ता कर हे तीन वेगळे कर आहेत का?

नाहीत. मुंबईत मालमत्ता कर, पुण्यात मिळकतकर, गावाकडे घरपट्टी. कर एकच, पण तो काढायची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी.

हा कर राज्य सरकारचा की महापालिकेचा?

कायदा राज्याचा, वसुली स्थानिक संस्थेची. जमिनी आणि इमारतींवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत येतो. त्या अधिकारात राज्याने कायदे केले आणि कर लावण्याचं काम पालिका-पंचायतींकडे सोपवलं. बृहन्मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. पुणे, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा, तर ग्रामपंचायतींना १९५८ चा.

हे सांगायचं कारण एकच. ‘मुंबईत माझ्या मेव्हण्याला करच येत नाही, मग मला का?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुमचं घर कोणाच्या हद्दीत आहे, यावर तुमची सवलत ठरते. रस्त्याच्या अलीकडे पुणे महापालिका आणि पलीकडे खडकी कॅन्टोन्मेंट असेल तर दोन्ही बाजूंच्या घरांना नियम वेगळे, कारण कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या २००६ च्या कायद्याखाली चालतात. राज्याने महापालिकांसाठी जाहीर केलेली सवलत तिथे आपसूक लागू होत नाही.

बिलात इतके रकाने कशाचे असतात?

मुख्य रकाना सर्वसाधारण कराचा. त्याच्या खाली पाणीपट्टी किंवा जललाभ कर, जलनिस्सारण, सफाई, अग्निशमन, पथकर (रस्त्यांसाठीचा कर), वृक्षकर, महापालिकेचा शिक्षण उपकर असं बरंच काही. नावं शहराप्रमाणे बदलतात.

पण दोन रकाने पालिकेचे नसतातच. राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे १९६२ च्या राज्य कायद्याखालचे. पालिका ते गोळा करून शासनाकडे भरते. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी वापरावर असतो. तुम्ही स्वतः राहत असलेल्या फ्लॅटच्या बिलावर तो दिसला, तर घराची नोंद कुठेतरी बिगरनिवासी म्हणून पडली आहे असं समजा आणि चौकशी करा. बऱ्याच मोठ्या निवासी जागांवर राज्याचा आणखी एक कर असतो, तो ‘मोठ्या निवासी जागांवरील कर’ म्हणून येतो.

रकाने वाचायची सवय लावून घ्या. बहुतेक सवलती एकूण बिलावर नसतात, फक्त सर्वसाधारण करावर असतात. ‘दहा टक्के सूट’ ऐकून एकूण रकमेच्या दहा टक्के वजा करणारे दरवर्षी खिडकीवर वाद घालताना दिसतात.

पुण्यात कर कसा काढतात?

भाड्याच्या हिशेबाने. तुमचं घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, हे महापालिका विभागवार दर लावून ठरवते. प्रत्यक्ष बाजारातल्या भाड्याशी या दराचा फारसा संबंध नसतो, आणि तो नसतो हे बरंच आहे.

समजा, आकारणीला धरलेलं क्षेत्र ७०० चौरस फूट आणि दर महिना चौरस फुटाला २ रुपये. महिन्याचे १,४००, वर्षाचे १६,८००. त्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी १० टक्के वजावट कायद्यानेच मिळते. उरले १५,१२० रुपये, ही झाली वार्षिक करपात्र रक्कम. तिच्यावर निरनिराळे कर टक्केवारीने लागतात. सोयीसाठी सगळे मिळून ४५ टक्के धरले, तर कर ६,८०४ रुपये. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या विभागाचा दर आणि टक्केवारी तुमच्या बिलावर पाहा.

आता याच घरात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेवर ४० टक्के सवलत. १५,१२० चे होतात ९,०७२ आणि कर येतो सुमारे ४,०८२ रुपये. म्हणजे वर्षाला २,७०० रुपयांचा फरक, तोही फक्त एका नोंदीमुळे. दर जुना-नवा कसाही असो, सवलत नसलेल्या घराला सवलत असलेल्या घराच्या जवळजवळ पावणेदोन पट कर येतो.

ही ४० टक्क्यांची भानगड नक्की काय आहे? कधी असते, कधी नसते.

पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून स्वतः राहणाऱ्या मालकांना ही सवलत दिली. देखभालीची वजावटही तेव्हापासून १० ऐवजी १५ टक्के धरली जात होती. चाळीसेक वर्षं कोणी काही बोललं नाही. मग लेखापरीक्षणात आक्षेप आला की कायद्यात अशा सवलतीची तरतूदच नाही. राज्य शासनाने २०१९ मध्ये जुना ठराव रद्द केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलतीविना बिलं जाऊ लागली.

त्याच सुमारास मिळकतींचं जीआयएस (संगणकीय नकाशावर आधारलेलं) सर्वेक्षण झालं होतं. त्यात ज्या घरांत मालक राहत नाही अशी नोंद पडली, त्यांचीही सवलत गेली. या सर्वेक्षणाबद्दल पुणेकरांची तक्रार आजही ताजी आहे, आणि ती रास्त आहे. दारावरची पाटी सासऱ्यांच्या नावाची आणि बिल सुनेच्या नावाचं, एवढ्यावर घर ‘भाड्याने’ ठरत असेल तर ती पाहणी कसली? सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला दार कोणी उघडलं आणि काय सांगितलं, यावर पुढच्या कित्येक वर्षांचा कर ठरला.

बराच गदारोळ होऊन २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. देखभालीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे १० टक्क्यांवर आली. जुन्या घरांच्या बिलात तेव्हा जी थोडी वाढ दिसली, ती या पाच टक्क्यांची.

मग माझं बिल अजून सवलतीशिवाय का येतं?

कारण अर्ज केलेला नसतो. सवलत परत आली ती मागणाऱ्यांसाठी. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या किंवा सर्वेक्षणात सवलत गेलेल्या मालकांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा होता. पहिली मुदत २०२३ मध्येच संपली, पण नव्या घरांसाठी रस्ता तोच आहे. स्वतः राहत असल्याचं दाखवा, सवलत घ्या.

बिल हातात घेऊन आधी एवढंच तपासा: वापर निवासी लिहिलाय का, आणि भोगवटादाराच्या (प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या) जागी मालकाचंच नाव आहे का? तिथे दुसरं नाव असेल तर सवलत गेल्याचं कारण समोरच आहे.

पीटी-३ सोबत काय जोडायचं?

तुम्ही तिथे राहता हे सिद्ध करणारा पुरावा. सोसायटीचं पत्र असेल तर उत्तम, कारण त्यात ‘सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात’ असं एक सरळ वाक्य असतं. त्याच्या जोडीला त्या पत्त्यावरचं वीजबिल, गॅसचं कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशनकार्ड यांतलं काही. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्याही कराचं बिल लावावं लागतं.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला तर आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. पुढे पेठ निरीक्षक, म्हणजे तुमच्या भागाचा करविभागातला कर्मचारी, जागेवर येऊन पाहणी करतो. तो येतो तेव्हा घर बंद असेल तर शेरा काय पडेल सांगता येत नाही, म्हणून अर्जावर चालू फोन क्रमांक लिहा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. नोंद बदलली की फरकाची रक्कम पुढच्या बिलात वळती होते. रोख परत मिळेल या आशेवर राहू नका.

माझे दोन फ्लॅट आहेत. दोन्हीवर सवलत?

ज्यात तुम्ही राहता त्यावर. दुसरा भाड्याने दिलेला असेल तर नाही. ‘दुसरा बंद आहे, भाड्याने नाही’ असं असेल तर तसं सिद्ध करत बसावं लागतं आणि भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन असल्याच्या काळात खोटं बोलण्यात अर्थ नाही.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला कर नाही, हे खरं का?

खरं आहे. १ जानेवारी २०२२ पासून बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या (घराच्या भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) निवासी सदनिकांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्याआधी २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता आणि बाकीचे रकाने तसेच राहिल्यामुळे लोकांना बिलं येतच होती. ‘माफी झाली म्हणता आणि बिल कसलं पाठवता’ हा तेव्हाचा राग २०२२ मध्ये शांत झाला.

चार गोष्टी ध्यानात ठेवा. माफी निवासी सदनिकेला आहे, खालच्या गाळ्याला नाही. मोजणी चटई क्षेत्राची आहे, बिल्डरने जाहिरातीत छापलेल्या बिल्टअपची नाही. पाणीपट्टीचं वेगळं बिल येतं, त्याचा या माफीशी संबंध नाही. आणि जुनी थकबाकी त्यामुळे पुसली जात नाही.

५०५ फुटांच्या घराला मात्र पूर्ण कर. पहिले ५०० माफ आणि वरच्या पाचावर कर, असं गणित नाही. ५०० च्या काठावर असाल आणि पालिकेच्या नोंदीत क्षेत्रफळ जास्त लागलं असेल, तर मंजूर नकाशा आणि नोंदणीकृत करार घेऊन विभाग कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करणं फायद्याचं आहे. उलट, शेजारचा फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडायचा विचार असेल तर आर्किटेक्टबरोबर हाही हिशेब मांडा.

५०० च्या वरच्या मुंबईकराचा कर कसा ठरतो?

भांडवली मूल्यावर. एप्रिल २०१० पासून मुंबईने भाड्याची पद्धत सोडली. रेडी रेकनरचा (शासनाच्या जमीन-इमारतींच्या किमतींच्या तक्त्याचा) दर, घराचं क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला यांच्या गुणाकारातून मूल्य निघतं, त्यावर कराचा दर. जुन्या इमारतीला वयाची सूट मिळते. दर पाच वर्षांनी मूल्य नव्याने ठरवण्याची तरतूद आहे.

या नियमांवर बरीच वर्षं कोर्टबाजी झाली. पूर्वलक्षी कर आणि अजून न बांधलेल्या चटई क्षेत्र निर्देशांकाचाही (एफएसआय, भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) मूल्यात विचार करणारे नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पद्धत मात्र टिकली. सामान्य सदनिकाधारकाला यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: रेडी रेकनर वाढला की आज ना उद्या कर वाढणार.

ठाणे, पिंपरी-चिंचवडमध्ये काय आहे?

ठाण्यातही ५०० फुटांची सवलत आहे, पण ती सर्वसाधारण करापुरती. म्हणून बिल येतं, कमी येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर सर्वसाधारण करात ३० टक्के सवलत आहे. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर ती सहसा मिळत नाही. दिव्यांगांसाठीही वेगळी सवलत आहे. या सवलती मागणी केल्याशिवाय लागत नाहीत.

गावच्या घराची घरपट्टी कशी ठरते?

पूर्वी ग्रामपंचायती नुसत्या क्षेत्रफळावर कर लावत. ते न्यायालयात टिकलं नाही आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीने गावातही भांडवली मूल्य आलं. जमिनीची किंमत अधिक बांधकामाची किंमत, त्यातून वयानुसार घसारा, मग वापराचा भारांक, म्हणजे ज्याने गुणायचं तो आकडा. निवासी वापराला १, औद्योगिकला १.२०, वाणिज्यला १.२५. त्या रकमेवर हजारी अमुक पैसे असा दर ग्रामपंचायत ठरावाने लावते, आणि मातीच्या घराला आरसीसी घरापेक्षा दर कमी असतो. आकारणी चार वर्षांनी नव्याने होते.

त्यामुळे दगड-मातीचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलंत तर घरपट्टीत उडी बसते. ती चूक नसते. पण घर पाडून पाच वर्षं झाली आणि तरी जुन्या घराची पट्टी चालू आहे, शिवाय नव्याचीही लागली आहे, असं पुष्कळदा सापडतं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा, काढा. त्यात मिळकतीचं वर्णन, लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार सगळं लिहिलेलं असतं. गावी गणपतीला किंवा शिमग्याला गेलात की हे काम एका सकाळी होण्यासारखं आहे.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, ३० सप्टेंबरच्या आत भरली तर घरपट्टीत ५ टक्के सूट मिळते. मुंबईत राहणारे चाकरमानी ती बहुधा घालवतात, कारण आठवण होते ती ऑक्टोबरनंतर.

नमुना ८ किंवा कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा का?

नाही, आणि हे शंभरदा सांगूनही लोक फसतात. कर आकारणीची नोंद वसुलीसाठी असते. ‘घरपट्टी माझ्या नावाने येते’ एवढ्यावर मालकी ठरत नाही, जशी ती दुसऱ्याच्या नावाने येते म्हणून तुमची जात नाही. मालकीसाठी खरेदीखत, वारसा, शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). गावठाणातल्या घरांना असा कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिका काढून ठेवा आणि तिच्यावरचं क्षेत्र नमुना ८ शी ताडून पाहा.

बांधकाम विनापरवाना आहे, तरी कर लावतात. म्हणजे ते अधिकृत झालं?

झालं नाही. अनधिकृत बांधकामावर कर लावल्याने ते नियमित होत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. उलट महापालिकांना अशा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावता येते. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्तीकर कित्येक निवडणुकांचा मुद्दा झाला. आधी छोट्या घरांना सूट मिळाली आणि २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर थकलेला शास्तीकर माफ झाला. माफ झाली ती शास्ती. बांधकामाचा प्रश्न जागच्या जागी आहे.

माजी सैनिकांना माफी आहे का?

आहे. २०२० पासून माननीय बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना राज्यातल्या एका निवासी मालमत्तेच्या करातून सूट मिळते, शहरात आणि गावातही. पूर्वी ती शौर्यपदक मिळालेल्यांपुरतीच होती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र घ्या आणि ते पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. गावोगाव पात्र माणसं अजून पट्टी भरताहेत, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. ओळखीत कोणी असेल तर सांगा.

आणि ज्येष्ठ नागरिकांना?

केवळ वयामुळे राज्यभर मिळणारी सवलत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाचं घर चाळीस वर्षांपूर्वीचं, भाग आता महागडा, त्याला बिल शेजारच्या आयटीतल्या मुलाइतकंच. हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण आजचा नियम तसा आहे. ज्येष्ठांना सध्या हाताशी असलेला उपाय म्हणजे लवकर भरणाऱ्याची सूट आणि, पुण्यात असाल तर, ४० टक्क्यांची नोंद पक्की करून घेणं.

लवकर भरल्यावर किती वाचतं?

पुण्यात वार्षिक करपात्र रक्कम २५ हजारांपर्यंत असेल तर सर्वसाधारण करात १० टक्के, त्याहून जास्त असेल तर ५ टक्के. नेहमीची मुदत ३१ मे, बिलं उशिरा निघाली तर ती पुढे जाते. सौरऊर्जा, गांडूळखत प्रकल्प, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक सोसायटीत चालू असेल तर आणखी ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. गच्चीवर नुसते पॅनेल पडून आहेत आणि खताच्या टाकीत रद्दी आहे, हे तपासणीत लगेच कळतं.

उशीर झाला तर?

दरमहा २ टक्के शास्ती. दहा हजारांच्या थकबाकीवर महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४००. वर्षाला २४ टक्के व्याज बँकही तुमच्या गृहकर्जावर लावत नाही. पैशांची ओढाताण असेल तर इतर काही थांबवा, पण हे भरून टाका.

त्यानंतर मागणी नोटीस, मग वॉरंट, जप्ती, बिगरनिवासी जागेला टाळं, शेवटी लिलाव. पुण्यात थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याचीही पाळी आली आहे.

अभय योजनेची वाट पाहावी का?

थकबाकीदारांसाठी आणलेल्या अभय योजनेत माफ होते ती शास्ती, मूळ कर नव्हे. पुणे महापालिकेने २०२० मध्ये ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीवर शास्तीत ८० टक्के सूट दिली होती, इतर पालिकाही अशा योजना आणतात. थकबाकी आधीच साचली असेल तर योजना आल्या आल्या फायदा घ्या. पण मुद्दाम थकवून वाट पाहणं हा जुगार आहे: योजना कधी येईल, किती टक्क्यांची असेल, निवासी मिळकतींना लागू असेल का, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. वेळेवर भरणाऱ्याला दहा टक्के आणि बुडवणाऱ्याला ऐंशी, हा हिशेब पाहून प्रामाणिक करदात्याचं डोकं फिरतं ते उगाच नाही.

जुना फ्लॅट घेतोय. कराचं काय तपासू?

थकबाकी नसल्याचा दाखला, आणि तो करार करण्याआधी. मिळकतकराचा बोजा माणसावर नाही, मिळकतीवर असतो. आधीच्या मालकाने सहा वर्षं भरला नसेल तर पालिका तुमच्याच दारात येणार. त्याच्याकडून वसूल करणं ही तुमची डोकेदुखी.

खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत नाव बदलायचा अर्ज द्या. सूची २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताच्या नोंदीचा उतारा), खरेदीखताची प्रत, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि शेवटची भरलेली पावती लागते. विकणाऱ्यानेही हे बघायला हवं, कारण पालिकेला कळवेपर्यंत कराची जबाबदारी कागदोपत्री त्याच्यावरही राहते. वारसाने घर आलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. आजोबांच्या नावाने बिल भरत राहणारी घरं पुण्याच्या पेठांत कमी नाहीत. कर स्वीकारला जातो, पण स्वतः राहण्याची सवलत मागायची वेळ आली की ‘मालक कोण?’ इथेच गाडी अडते.

भाडेकरूने कर भरायचा का?

पालिकेच्या लेखी जबाबदारी मालकाची. मालकाने थकवला तर राहणाऱ्याकडूनही वसुली होऊ शकते आणि तेवढी रक्कम त्याला भाड्यातून कापून घेता येते. करारात वेगळं ठरलं असेल तर तो तुमच्या दोघांतला मामला.

आकारणी चुकीची वाटते. दाद कुठे मागायची?

पहिली संधी नोटीस आल्यावर. नवीन आकारणी किंवा वाढ करण्याआधी पालिकेला नोटीस द्यावी लागते आणि हरकतीची मुदत तीवर छापलेली असते. मुंबईत ती २१ दिवसांची. हरकत लेखी द्या, सुनावणीला हजर राहा. ‘कर फार आहे’ असं म्हणून काही होत नाही. क्षेत्रफळ चुकलं, वापर चुकला, इमारतीचं वर्ष चुकलं, असा एखादा ठोस मुद्दा आणि त्याचा कागद हवा.

त्यावरही समाधान झालं नाही तर महापालिकेच्या बाबतीत न्यायालयात अपील करता येतं, पण त्याची मुदत थोडी असते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दहा-वीस हजारांच्या बाबतीत बहुतेक जण हरकतीवरच थांबतात. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे जातं. वाद चालू असताना शास्ती थांबत नाही, म्हणून ‘हरकत कायम ठेवून’ असं पत्र देऊन कर भरून टाकणं शहाणपणाचं.

गाव महापालिकेत गेलं. लगेच शहराचा कर लागणार?

एकदम नाही. समाविष्ट भागात कर टप्प्याटप्प्याने, पाच वर्षांत वाढवत नेण्याची तरतूद कायद्यात आहे. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, तिथला वाद यावरूनच पेटला: कर शहराचा आणि पाणी टँकरचं.

आयकरात याचा काही फायदा?

घर भाड्याने दिलं असेल तर त्या वर्षात तुम्ही प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. नुसता लागू झालेला चालत नाही, भरलेला हवा, म्हणून पावती मार्चच्या आतली ठेवा. स्वतः राहता त्या घरावर ही वजावट नाही.

आम्ही परदेशात राहतो, पुण्यातला फ्लॅट बंद आहे.

कर चालूच राहतो आणि भरायला इथे कोणी असण्याची गरज नाही. मिळकत क्रमांक टाकून संकेतस्थळावर भरता येतो. अडचण सवलतीची होते, कारण पाहणीला आलेल्याला कुलूप दिसतं. आई-वडील तिथे राहत असतील तर त्यांच्या नावचे पत्त्याचे पुरावे आणि सोसायटीचं पत्र तयार ठेवा. कोणीच राहत नसेल तर निदान पालिकेकडे स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नोंदवा, नाहीतर नोटीस दाराखालून आत सरकते आणि दोन वर्षांनी तुम्ही दार उघडेपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते.

बिलच आलं नाही. तरी भरायचं?

हो. बिल मिळालं नाही हे कारण शास्ती माफ करायला चालत नाही. पुणे-मुंबईत १ एप्रिलनंतर चालू वर्षाची मागणी ऑनलाइन दिसायला लागते, तिथून काढून घ्या. गावच्या घरासाठी ग्रामपंचायतीत फोन करा.